सदर हलते छप्पर

आमच्या ग्रामपंचायतीच्या ठरावांच्या वहीत आमच्या घराबद्दल एकच वाक्य आहे. ते असं: ‘सदर हलते छप्पर पुन्हा आपली जागा सोडून गेल्यास सदर बांधकाम संपूर्णपणे काढून टाकण्यात यावे.’ जागा सोडून गेल्यास! जणू छप्पर नोकरीला होतं आणि न सांगता रजेवर गेलं. आमच्या गावात न सांगता रजेवर जाणाऱ्यांची काय कमी आहे? उपकेंद्रातले डॉक्टर जातात, ऐन उन्हाळ्यात टँकर जातो, विजेची जायची वेळ ठरलेली असते आणि यायची नसते. त्यांच्यापैकी कोणालाही काढून टाकण्याचा ठराव झालेला मी वाचला नाही. तो मान मिळाला माझ्या आईच्या वेधशाळेच्या छपराला.

वेधशाळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरा घुमट येतो. आमची वेधशाळा म्हणजे परसात, न्हाणी आणि शेवग्याचं झाड यांच्या मधली, दहा बाय दहाची विटांची खोली. भिंती खांद्यापर्यंत, वर निळ्या पत्र्याचं छप्पर आणि छपराला चाकं. दोन लोखंडी रुळांवरून ते पश्चिमेकडे ढकललं की बाहेर रोवलेल्या दोन खांबांवर जाऊन उभं राहतं. खोलीत उरते आईची दुर्बीण आणि वर सगळं आकाश. गाव मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढे, घाटाच्या पायथ्याला. इथे अजून आकाश काळं आहे, कारण रस्त्यावरचे दिवे लावल्याचं फक्त कागदावर आहे. पंचायतीचे हे एवढे उपकार मी मान्य करते.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. दुर्बिणीचा आरसा तिनं स्वतःच्या हातांनी घासलाय. ओसरीत पत्र्याचं एक पिंप, त्यात वजनाला दगड, वर एक जाड काच पक्की बसवलेली. तिच्यावर दुसरी काच, मध्ये ओली पूड. आई त्या पिंपाभोवती पावलापावलानं फिरत वरची काच पुढे-मागे घासत राहायची. शाळेतून आल्यावर रोज, दोन पावसाळे. आळीतल्या बायकांना वाटलं, बाईंनी कसलं तरी व्रत धरलंय. एकीनं विचारलंसुद्धा, “बाई, किती फेऱ्यांचं हाय?” आई म्हणाली, “काच सांगेल तेवढ्या.” त्या बाईनं हात जोडले.

दोन पावसाळ्यांनी काच मधोमध तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी खोल झाली. तेवढ्यासाठी सगळं. त्या खोलपणातून आईच्या शाळेतल्या मुलींनी शनीची कडी पाहिली, आणि एकीनं मागे वळून पाहिलं की दुर्बिणीच्या तोंडाशी कोणी चित्र तर चिकटवलं नाही ना. आई आता निवृत्तीला आलीय. तिचा उजवा खांदा वर जात नाही. “हे दुसऱ्यांदा माझ्यानं होणार नाही,” ती एकदाच म्हणाली, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता. तेव्हा वेधशाळा गेली म्हणजे गेली. नवी होणार नव्हती.

पंचायतीच्या दप्तरात मात्र ती वेधशाळा नाहीच. नोंद करायला आलेल्या कारकुनानं छप्पर पाहिलं, खांद्याएवढ्या भिंती पाहिल्या, आणि लिहून टाकलं: कुक्कुटपालन शेड. आई दुरुस्तीला गेली. कारकून म्हणाला, “मग काय लिहू बाई? यादीत घर हाय, गोठा हाय, दुकान हाय, कोंबड्या हायत. आकाशाचा रकाना नाय.” तेव्हापासून सरकारदरबारी आम्ही कोंबड्या पाळतो.

छप्पर बनवलं मुरबाडच्या एका फॅब्रिकेटरनं. माणूस सज्जन, हात सफाईचा, आणि धंदा जोरात. शहापूर-मुरबाडकडे मुंबईच्या लोकांनी जमिनी घेतल्या, फार्महाउसं बांधली, आणि प्रत्येक फार्महाउसला सरकतं गेट लागतं, कारण आत काही नसलं तरी गेट असावं लागतं. तीन पेरूची झाडं, एक झोपाळा आणि त्याला बारा फुटी गेट, वर सोनेरी रंगाचे दोन सिंह. ती सगळी गेटं ह्याची. आईनं त्याला कागदावर चित्र काढून दिलं: रूळ, चाकं, वर छप्पर. त्यानं ते उभं धरलं, आडवं धरलं आणि म्हणाला, “मॅडम, म्हणजे गेटच ना? झोपवलेलं?”

“तसंच समजा. पण वाऱ्यानं उचलायला नको.”

“माझं एक पण गेट आजवर उडालेलं नाय, मॅडम. तालुक्यात कोणाला पण विचारा.”

आम्ही कोणालाही विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर तेच आलं असतं, कारण गेट उडत नाही. त्यानं गेटाची चाकं लावली, गेटाचे रूळ टाकले, गेटासारखं तेल घातलं. छप्पर एका बोटानं सरकायचं. आणि त्याला खाली धरून ठेवणारं जगात काहीही नव्हतं.

मागच्या मे महिन्यात एका दुपारी घाटाच्या बाजूनं वळवाचा वारा सुटला. पूर्वेच्या भिंतीवर, पत्रा आणि विटा यांच्यामध्ये, वीतभर फट होती. आईनं ती हवा खेळावी म्हणून मुद्दाम ठेवली होती. हवा खेळली. छप्पर रुळावरून वर आलं, कुंपण ओलांडून शेजारच्या काकांच्या गोठ्यावर जाऊन बसलं. गोठ्याचे चार पत्रे फुटले. म्हैस दावं तोडून बाहेर पळाली आणि तिनं तीन दिवस दूध दिलं नाही. आईनं धावत जाऊन दुर्बिणीवर आधी स्वतःची साडी टाकली, मग घोंगडी, मग ती स्वतःच वाकून उभी राहिली. आरसा वाचला.

शेजारचे काका म्हणजे भातशेतीवाले, सडसडीत, साठीतले. बोलायला लागले की पलीकडच्या वाडीत ऐकू जातं. आईनं दुसऱ्याच दिवशी माफी मागितली, त्याच फॅब्रिकेटरकडून तसेच निळे पत्रे आणून गोठा नीट करून दिला. काकांनी पत्रे घेतले आणि अर्जही दिला. ग्रामसभेत उभे राहून म्हणाले, “बाई चांगली हाय, त्यात वाद नाय. पन तिचा छप्पर माझ्या म्हशीच्या डोक्यावर आला. उद्या माझ्या डोक्यावर येल. आमी काय करायचं? हेल्मेट घालून दूध काढायचं?” सगळी सभा हसली. आणि हसता हसता ठराव मंजूर झाला.

मी हे असं सोसणारी नाही. आम्ही चार-पाच जण या भागात पत्रकं काढतो. धरणं आमच्या शहापूर-मुरबाडात, नळ मुंबईला, आणि पाड्यावरच्या बायका हंडा घेऊन दोन-दोन मैल चालतात, यावर काढली. रस्त्यावर काढली, रेशनवर काढली. तेव्हा वेधशाळेवर न काढायचं कारण नव्हतं. मथळा मीच दिला: ‘विज्ञानाच्या डोक्यावरचं छप्पर काढणारे कोण?’ खाली मजकूर: ‘काही प्रतिगामी शक्ती गोठ्याच्या आडून आकाशावर कब्जा करू पाहत आहेत.’ आज वाचलं की कान गरम होतात, पण तेव्हा मला ते वाक्य इतकं आवडलं होतं की मी ते जाड अक्षरात घेतलं.

ही पत्रकं आम्ही म्हसा गावच्या जत्रेत वाटली. पौषातली थंडी, बैलांचा बाजार, घोंगड्या, धूळ, हातोलीच्या मिठाईचा वास. माझा एक सहकारी बैलांच्या रांगेतून पत्रकं देत चालला होता. काका तिथे बैल बघायला गेले होते. त्याला काय माहीत कोण ते. त्यानं वाकून त्यांच्याही हातात एक दिलं, वर म्हणाला, “वाचा काका, तुमच्याच भल्याचं आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्या कुंपणाशी.

“ए गो, हे तू लिवलंस?”

“हो.”

“प्रतिगामी म्हंजे काय?”

“मागे नेणारा.”

“कोणाला नेला मी मागं? छप्पर तुमचा आला माझ्याकडं. मी तर जागचा हललो पन नाय.”

मी काहीतरी प्रवृत्ती आणि व्यक्ती यांतल्या फरकाबद्दल बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, पत्रकाची घडी घातली, बंडीच्या खिशात ठेवली. “अक्षर लय बारीक हाय,” म्हणाले. “पुढच्या टायमाला मोठा काढ. मला माझी निंदा नीट वाचता आली पायजे.”

आई आतून हसत होती. मला राग तिचाच जास्त आला.

दरम्यान छप्पर पुन्हा रुळावर बसवलं होतं आणि त्याला वाऱ्यापासून कसं वाचवायचं यावर सल्ल्यांचा पाऊस सुरू होता. मुंबईचे आकाशप्रेमी फोनवरून बोलायचे. हे लोक अमावस्येला मोठाल्या गाड्या घेऊन येतात, अंधार किती छान आहे असं म्हणतात, आणि ते म्हणताना गाडीचे दिवे चालू ठेवतात. त्यांचा एकमताचा सल्ला: वेधशाळा जरा कमी वाऱ्याच्या जागी हलवा. फॅब्रिकेटर पुन्हा आला. या वेळी गंभीर होता, त्याच्या नावाचा प्रश्न होता. त्यानं छपराच्या चार कोपऱ्यांना चार साखळ्या लावल्या, भिंतीत कड्या ठोकल्या, आणि चारही साखळ्यांना कुलपं घातली.

“कुलपं कशाला?” मी विचारलं.

“सेफ्टी, ताई.”

त्याच्या डोक्यात अजून चोरच होता. वारा आला तर त्यानं कुलूप बघून परत जावं, अशी एकूण योजना. साखळ्याही जरा ढिल्या, कारण गेटाच्या साखळीत हात घालून कुलूप लावता आलं पाहिजे. काका कुंपणापलीकडे गवत कापत होते. ते थांबले, साखळीकडे बघितलं, तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, तोंड मिटलं आणि पुन्हा गवत कापायला लागले. प्रतिगामी शक्तीनं काय बोलावं?

मग पत्र्यांच्या सांध्यातून गळती सुरू झाली, एप्रिलातल्या एका अवेळी सरीत. आता इथे काहीही गळलं की एकच इलाज असतो: फ्लेक्स. आमच्या तालुक्यात घर, गोठा, पेंढा, मोटरसायकल, वीटभट्टी, सगळं कोणा ना कोणाच्या वाढदिवसाखाली झाकलेलं आहे. पंचायतीचे एक सदस्य, ज्यांनी ठरावावर पहिली सही केली होती, तेच मोठ्या मनानं गुंडाळी घेऊन आले.

“घ्या ताई. पंधरा बाय दहा. भाऊंचा वाढदिवस होऊन गेला, आता मोकळाच हाय.”

उलगडलं. मध्ये भाऊ, आमच्या तालुक्याचे पुढारी, गॉगल लावून, मागे वाघ. खाली बेचाळीस शुभेच्छुकांचे गोल चेहरे. मी मोजले. हे आईच्या वेधशाळेवर? मी त्यांना अंगणातच ऐकवलं. की ज्या भाऊंनी पाड्याची विहीर पाच वर्षं नुसती भाषणात खणली, त्यांचं तोंड आमच्या छपरावर लागणार नाही, आणि आमचं छप्पर गळून गळून पडलं तरी चालेल. सदस्य गुंडाळी काखेत मारून म्हणाले, “तुमची मर्जी. प्लास्टिकला काय पक्ष असतो का?”

आणि मग मी काय केलं? घरात माळ्यावर आमचं स्वतःचं फ्लेक्स होतं, पाण्याच्या मोर्चाचं, वीस बाय दहाचं. लाल अक्षरं: ‘धरणं इथं, पाणी तिथं, उत्तर द्या!’ ते मी अभिमानानं छपरावर पसरलं. कोपरे सुतळीनं साखळ्यांना बांधले. कडा पूर्वेच्या बाजूला हातभर लोंबत राहिल्या. त्या दुमडायला हव्या होत्या, पण दुमडल्या तर ‘धरणं’ हा शब्द दिसेना. आई खालून म्हणाली, “वाऱ्याला घर करून देतेयस.” मी म्हटलं, “आई, दोन दिवसांत काढते.” अर्थात काढलं नाही. रस्त्यावरून जाणारी एसटी हळू व्हायची, लोक खिडकीतून वाचायचे. कोण काढेल?

यंदाच्या मे महिन्यात, दुपारचे चार वाजत आले असतील, मोबाइलवर नेहमीचा निरोप आला की ठाणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी सोसाट्याचा वारा. त्या निरोपाला आता कोणी उठून बसत नाही. पण घाटाच्या बाजूला बघितलं तर डोंगर दिसत नव्हता. त्याच्या जागी शाईसारखं काही तरी होतं आणि ते चालत होतं. शेवग्याची पानं एकदम उलटी झाली.

पहिल्या झटक्याला फ्लेक्स फुगलं. लोंबणारी कड उचलून वारा आत शिरला, आणि माझी सगळी लाल अक्षरं पोट काढून उभी राहिली. छप्पर रुळावरून दोन बोटं वर आलं, साखळीला हिसका बसला, खाली आदळलं. पुन्हा वर, पुन्हा हिसका. तिसऱ्या हिसक्याला एका कोपऱ्याची कडी विटेसकट बाहेर आली. कुलूप मात्र शाबूत, कडीला लोंबत होतं. मी छपराच्या कडेला लोंबकळले. माझ्या वजनाचा छपरावर काहीही परिणाम झाला नाही. आई आत, दुर्बिणीला मिठी मारून.

तेवढ्यात कुंपणावरून काका आले. हातात कोयता.

मी खोटं कशाला सांगू, मला वाटलं ते ठरावाची अंमलबजावणी करायला आले. मी भिंतीला पाठ लावून हात पसरून उभी राहिले आणि ओरडले, “छप्पर अजून जागेवर आहे! अजून गेलेलं नाही!”

“बाजूला हो गो!” काका ओरडले. “ती फडकी काप आधी!”

त्यांनी मला हातानं सारलं, भिंतीवर पाय ठेवून चढले आणि सपासप चारही सुतळ्या तोडल्या. फ्लेक्स सुटलं. एकदा गरकन फिरलं, उंच गेलं, आणि काकांच्या शेतापलीकडच्या आंब्यावर जाऊन अडकलं. तिथे ते नंतर दोन दिवस होतं, ‘उत्तर द्या’ एवढंच वाचता येत होतं. छप्पर धाडकन रुळावर बसलं. वारा जरा पडला.

“गेला,” मी म्हटलं.

“कुठं गेला? हा तर नुसता सांगायला आला होता. खरा मागनं येतोय.” ते कुंपणाकडे पळता पळता म्हणाले, “बाई, ती पूर्वेची फट बुजवा! काय पन कोंबा!”

आईनं घरातल्या सगळ्या गोधड्या काढल्या. तिच्या आईच्या, माझ्या बाळपणीची, एक नवी कोरी जी पाहुण्यांशिवाय कोणाला मिळत नाही. त्या सगळ्या त्या वीतभर फटीत गेल्या. काका परत आले ते खांद्यावर दोरांची जुडी आणि हातात दगड घेऊन. मग परत गेले, परत आले. पेंढ्याच्या गंजीवर इकडे जसे दोर टाकतात तसे ते दोर: एक दोर, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक दगड. दोर गंजीवरून आडवा टाकायचा आणि दगड दोन्ही बाजूंना लोंबते सोडायचे. काकांच्या गोठ्यावरही तसेच होते. वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर. मी त्यांच्याकडे बघून मनात म्हणायचे, काय हे मागासलेपण, हुकांनी आवळलेले पत्रे आहेत तरी दगड टांगतात.

आम्ही दोर छपरावरून फेकले. सहा दोर, बारा दगड. मी एक दगड जमिनीवर टेकवून नीट ठेवायला गेले.

“टेकवू नको! टेकला का मेला. लोंबता ठेव, गुडघ्याएवढा.”

“का?”

“आता इचार, वादळ येतंय तेवा!” पण सांगितलं त्यांनी, गाठ आवळता आवळता. “गाय ढिल्या दाव्याला बांधली का काय करते? हिसका देते. हिसक्यानं दावं तुटतं. तुमची साखळी ढिली. छप्पराला धावायला जागा दिली तुमी. ह्यो दगूड लोंबतोय, म्हंजे दोर कायम ताणलेला. छप्पर वर आला का दगूड वर येल, पन सोडणार नाय. धावू देणार नाय.”

“हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

“मला कोनी इचारलं? मला पत्रक दिलं.”

शेवटची गाठ बसते न बसते तोच वारा आला. आम्ही तिघं भिंतीच्या आत, दुर्बिणीभोवती खाली बसलो. पत्रा थरथरत होता, चाकं रुळावर कडकडत होती, आणि बाहेर बारा दगड वर-खाली होत होते. भिंतीवर घासल्याचा आवाज येत होता, धप्प, सर्र, धप्प. छप्पर बोटभर उठायचं आणि बसायचं. उठायचं आणि बसायचं. हिसका नाही. आईच्या हातात दुर्बिणीचं झाकण होतं, ते ती दोन्ही हातांनी दाबून बसली होती, जशी एखादी उतू जाणाऱ्या दुधावर ताटली दाबेल. काका वर बघत होते. मग एकदम त्यांची मान पश्चिमेकडे वळली. पत्रा फाटल्यासारखा एक लांब आवाज आला. आमच्याकडून नाही.

“माझा गेला,” काका म्हणाले.

आई दचकली. “दादा, दगड तुमच्या गोठ्यावरचे होते?”

“मग? नदीवरून आणले आत्ता?”

“आणि म्हैस?”

“म्हशीला मघाशीच सोडली. तिला तुमच्यापेक्षा अक्कल हाय, ती पारावर जाऊन बसलीय.”

“पण तुमचं छप्पर सोडून आमचं का बांधलंत?”

“तुमचा उडाला असता तर माझा पन नेला असता,” काका म्हणाले. “मागल्या टायमासारखा. असं एकाचाच गेला. हिशोब सरळ हाय बाई, पाया नका पडू.” आई पाया पडत नव्हतीच. ती झाकण सोडायला विसरली होती.

अर्ध्या तासात सगळं थांबलं. काकांच्या गोठ्यावरचे तीन निळे पत्रे गेले होते. दोन शेतात पडले, आणि एक जाऊन पडला थेट एसटीच्या थांब्याजवळ, रस्त्याच्या मधोमध. उजेड होता अजून. त्यामुळे ऐन उजेडात सगळ्या गावानं बघितलं की निळा पत्रा उडालाय. आणि गावात निळ्या पत्र्याचं छप्पर म्हटलं की एकच.

सदस्य आले. सोबत पंचायतीचा कारकून, काखेत वही. गेल्या वर्षी उपकेंद्राच्या गळतीचा पंचनामा करायला ह्यांना चार महिने लागले होते. आमच्याकडे पोचायला पाऊण तास.

“ताई, वाईट वाटतं,” सदस्य कुंपणाबाहेरूनच म्हणाले. “पण ठराव तो ठराव. छप्परानं जागा सोडली.”

“आत येऊन बघा. जागेवर आहे.”

ते आत आले. छप्पर बघितलं. दोर बघितले, दगड बघितले, फटीतून बाहेर आलेल्या गोधड्या बघितल्या. “काही भाग गेला असंल.”

“एकही पत्रा गेलेला नाही. मोजा.”

“मग थांब्यावर निळा पत्रा कोणाचा? सगळ्या गावानं बघितलाय. लिहा हो,” ते कारकुनाला म्हणाले, “छप्पर अंशतः...”

मी काकांकडे बघितलं. ते आमच्या न्हाणीच्या दगडावर बसून पायाची माती काढत होते. त्यांना काहीच करावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प बसलं की वेधशाळा गेली. अर्ज त्यांचा, ठराव त्यांच्या अर्जावर, म्हैस त्यांची. आणि पत्रकात मी त्यांना काय म्हटलं होतं ते त्यांच्या बंडीच्या खिशात होतं. आईही त्यांच्याकडे बघत होती. मला वाटतं, तिनं एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणाकडे तसं, मागितल्यासारखं बघितलं असेल.

“थांब रे,” काका मान वर न करता म्हणाले. “तो माझा हाय.”

“काय तुमचा?”

“पत्रा. माझ्या गोठ्याचा. शेतात दोन पडलेत, मोजून घे. बाईचा छप्पर जागचा हलला नाय.”

सदस्य हसले. “काका, अर्जदार तुम्हीच ना? इकडे अर्ज करायचा आणि तिकडे...”

“अर्ज माझा. पत्रा पन माझा. आता माझ्या गोठ्यावर ठराव कर. लिव, ‘सदर गोठा जागा सोडून गेला.’ म्हशीची सही घे.”

कारकुनाला हसू आवरेना. त्यानं वही मिटली. सदस्य जाता जाता फिरून म्हणाले की फ्लेक्स लागलं तर सांगा, भाऊंचं अजून आहे. काकांनी एक दगड उचलून हातात तोलला. नुसता तोलला. सदस्य गेले.

आईनं त्याच संध्याकाळी आरसा तपासला. एक ओरखडा नाही. मग ती काकांच्या गोठ्याशी गेली आणि दोघांनी मिळून उडालेले पत्रे परत बसवले. मी बारा दगड एकेक करून परत नेऊन दिले. काकांनी प्रत्येक दोराची गाठ तपासून घेतली. मला वाटत होतं काहीतरी बोलावं, माफीसारखं. पत्रकात माफी लिहिता येते, तोंडानं अवघड जातं.

“काका, ते पत्रक...”

“ते राहू दे माझ्याकडं. बैलाच्या बाजारात दाखवतो लोकांना. म्हणतो, माझ्यावर छापून आलंय.”

“आणि अर्ज? आता मागे घ्याल ना?”

“का म्हणून?” ते उभे राहिले. “अर्ज राहणार. ठराव पन राहणार. तुमचा छप्पर माझ्या दगडांनी थांबला, तुमच्या अकलेनं नाय. तुमाला धाक पायजे. ज्या दिवशी तुमचे सोताचे दगड असतील, त्या दिवशी बोलू.”

म्हणून मी आता नदीवर जाते. मागच्या आठवड्यात बारा दगड निवडून, सायकलवर दोन-दोन आणून त्यांच्यापुढे मांडले. काकांनी कोयता बाजूला ठेवला आणि एकेक उचलून बघितला. गोल गुळगुळीत होते ते बाजूला टाकले, दोर सटकतो. दगडाला मध्ये कंबर पाहिजे. बारातले नऊ त्यांनी नाकारले. तीन पास झाले. ते दीड दोराला पुरतात. घाटाकडे रोज दुपारी ढग येऊन उभे राहतात, आणि मी रोज दुपारी नदीत गुडघाभर पाण्यात उभी राहून दगडाची कंबर शोधते.